घर, कचेरी आणि समाजाची वास्तू : चार्ल्स कोरिया यांच्या कामातून आपण काय घ्यावं?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हा विषय निवडला. काहींना नवल वाटलं. गिरणीतल्या माणसाचा आणि आर्किटेक्टचा काय संबंध, असं विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. माझी उमेदीची वर्षं साच्यांच्या खडखडाटात गेली. जे वाचलं ते वाचनालयात बसून, पाळी सुटल्यावर. पण आज आपल्या चाळींच्या पुनर्विकासाचे कागद घरोघर फिरताहेत. उद्या बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन याच सभागृहात येईल. आपण त्याला एकच प्रश्न विचारू, "किती स्क्वेअर फूट देणार?" त्याने आकडा सांगितला की आपण सह्या करू. नकाशा कसा वाचायचा हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. म्हणून म्हटलं, एका मोठ्या आर्किटेक्टने आयुष्यभर काय केलं ते बघू. त्यातून नकाशाला विचारायचे प्रश्न सापडतात का ते पाहू.

चार्ल्स कोरिया यांचा जन्म १९३० सालचा, सिकंदराबादचा. घराणं मूळचं गोव्याचं. अमेरिकेत वास्तुविद्या शिकून ते परत आले आणि १९५८ साली मुंबईत त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. २०१५ साली मुंबईतच त्यांचं निधन झालं. पद्मविभूषण मिळालं, इंग्लंडमधल्या वास्तुविशारदांच्या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. पण मानसन्मान बाजूला ठेवू. श्रीमंतांचे फ्लॅट, सरकारी कचेऱ्या, गरिबांची घरं, संग्रहालयं, प्रार्थनास्थळं, आणि एक अख्खं शहर, एवढं सगळं या एका माणसाच्या हातून गेलं. अशा माणसाच्या कामाकडे पाहिलं की कोणासाठी काय बांधलं जातं आणि का, ते समजतं.

सुरुवात श्रीमंतांपासून करू. कंबाला हिलवर 'कांचनजंगा' नावाची इमारत आहे. १९८३ साली पुरी झाली. अठ्ठावीस मजले आणि घरं फक्त बत्तीस! मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, देखावाही तिकडेच. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच येतो. मग खिडकी ठेवायची तरी कशी? कोरियांनी जुन्या बंगल्यांकडे पाहिलं. तिथे खोलीभोवती व्हरांडा असायचा. ऊन-पाऊस व्हरांड्याने झेलायचा आणि खोली आत गार राहायची. तोच व्हरांडा त्यांनी उचलून आभाळात नेला. प्रत्येक घराला कोपऱ्यात दोन मजले उंचीची बाग दिली. कोकणातल्या घराची पडवी हेच काम करते. चाळीची गॅलरीही हेच करते. जी गॅलरी बिल्डर आपल्याला 'वाया जाणारी जागा' म्हणून काढून टाकायला सांगतो, तीच श्रीमंताला लाखो रुपये घेऊन विकली जाते. हे ध्यानात ठेवा.

आता कचेरी. दिल्लीत कॅनॉट प्लेसला आयुर्विमा महामंडळाची 'जीवन भारती' इमारत आहे, १९८६ सालची. लाल दगड आणि काच. व्यापारी इमारत म्हटली की तिला कुंपण, दरवान आणि 'आत येऊ नका'ची पाटी असते. इथे दोन भाग वेगळे ठेवले आणि वरून एका मोठ्या जाळीदार छताने ते जोडले. मधून रस्त्यावरचा माणूस ये-जा करू शकतो. कचेरी असली तरी ती शहराला काहीतरी परत देते. आपल्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरांपैकी किती टॉवर असं काही परत देतात? तुम्हीच सांगा.

पण मला त्यांचं खरं काम वाटतं ते गरिबाच्या घराचं. १९६० च्या सुमारास गुजरातमध्ये कमी उत्पन्नवाल्यांच्या घरांसाठी स्पर्धा झाली होती. कोरियांनी एक लांबट, अरुंद घर काढलं. रुंदी जेमतेम बारा फूट. छप्पर उतरतं ठेवून वर माथ्याशी फट ठेवली. गरम हवा वर चढते आणि फटीतून निघून जाते, खालून गार हवा आत येते. ना पंखा, ना वीज. गिरणीत काम केलेल्यांना हे लगेच कळेल. आपल्या गिरण्यांचं करवतीच्या दातांसारखं छप्पर आठवा. उत्तरेकडून उजेड घ्यायचा आणि ऊन टाळायचं, ही त्यातली युक्ती. तेव्हा सूत चांगलं निघावं म्हणून उजेडाचा विचार झाला होता. माणूस चांगला जगावा म्हणून तोच विचार का होऊ नये?

पुढे नवी मुंबईत बेलापूरला त्यांनी सिडकोसाठी वसाहत आखली, १९८३ ते ८६ या काळात. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. त्यातला हिशेब नीट ऐका. सात घरांच्या मध्ये एक चौक, सुमारे आठ मीटर बाय आठ मीटरचा. असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि त्यांच्या मधे आणखी मोठा चौक. असं वाढत वाढत अख्ख्या वस्तीचं मैदान. लहान मूल पहिल्या चौकात खेळेल, थोडं मोठं झालं की दुसऱ्या चौकात जाईल. दुसरी गोष्ट, तिथे वेगवेगळ्या उत्पन्नाचे लोक राहणार होते, पण प्लॉट मात्र ४५ ते ७५ चौरस मीटर या दरम्यानच ठेवले. पगारात पाचपट फरक असला तरी जमिनीत पाचपट फरक करायचा नाही. तिसरी गोष्ट, दोन घरांना सामाईक भिंत ठेवली नाही. का? तर हातात पैसा आला की शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं. बांधकामही असं, की साधा गवंडी ते करू शकेल.

आज तिथे गेलात तर मूळची बरीच घरं पाडून लोकांनी काँक्रीटचे बंगले बांधलेले दिसतील. काही जाणकार हळहळतात. मला मात्र वाटतं, घरं बदलली तरी चौक टिकले, आणि चौक हेच तर महत्त्वाचं होतं. घर बदलायचा हक्क राहणाऱ्याला आधीच देऊन ठेवला होता.

कोरियांचा एक सिद्धांत आपण पाठ करून ठेवावा असा आहे. ते म्हणत की माणसाचं राहणं चार जागांत असतं. पहिली, घराच्या आतली खाजगी जागा. दुसरी, उंबऱ्याबाहेरची, जिथे शेजाऱ्याशी बोलणं होतं. तिसरी, नळावरची किंवा विहिरीवरची, जिथे आळीची भेट होते. चौथी, मैदान. यातली एक जागा कमी दिली, तर दुसरी वाढवून द्यावी लागते. आणि आपल्या हवेत वर्षातले कितीतरी महिने उघड्यावर बसता येतं, तेव्हा मोकळा चौक म्हणजे जवळपास फुकटात मिळालेली खोली आहे.

मित्रहो, आपण दहा बाय बाराच्या खोलीत जगलो. आठ-दहा माणसं कशी मावली? खोलीत मावलीच नव्हती. आजोबा गॅलरीत झोपायचे, पोरं जिन्यात अभ्यास करायची, बायका नळावर मन मोकळं करायच्या, लग्नाचा मांडव चाळीच्या मैदानात पडायचा. खोली लहान होती, पण बाकीच्या तीन जागा होत्या. आता आपल्याला मोठी खोली दाखवतात आणि त्या तीन जागा गुपचूप काढून घेतात. नळावरच्या भांडणांचं गुणगान मला करायचं नाही. पाणी घरात आलंच पाहिजे, संडास घरात असलाच पाहिजे, त्यासाठी आपल्या आयाबहिणींनी फार सोसलंय. माझं म्हणणं एवढंच, की पाणी घरात आलं म्हणून माणसं एकमेकांपासून तुटायला नकोत.

आता शहराचा प्रश्न. १९६४-६५ च्या सुमारास कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी सुचवलं, की मुंबई उत्तरेला लांबवत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. त्या योजनेचा गाभा असा, की सरकारी कचेऱ्या पलीकडे न्यायच्या, म्हणजे रोजगारही पलीकडे जाईल. पण मंत्रालय जिथल्या तिथे राहिलं आणि त्याच काळात समुद्रात भर घालून नरिमन पॉइंट उभा राहिला. शहर वसलं, पण त्याचं मूळ कारणच मागे राहिलं. आणि ज्यांची जमीन गेली त्या ९५ गावांचं काय? तिथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. यातून काय समजायचं? नकाशा कितीही चांगला असो, ज्याची जमीन आहे तो संघटित नसेल तर नकाशा त्याच्या कामी येत नाही.

हाच धडा आपल्या दारात पुन्हा आला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्याबद्दल मी वेगळं सांगायला नको. १९९१ साली गिरण्यांच्या जमिनीचा नियम झाला. मालकाने जमीन विकसित केली तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. गिरणगावातली जमीन सुमारे सहाशे एकर. १९९६ साली सरकारने या जमिनींचा विचार करायला अभ्यासगट नेमला. त्याचे प्रमुख हेच चार्ल्स कोरिया.

त्यांचं म्हणणं साधं होतं. एकेका गिरणीचा तुकडा वेगळा धरू नका, सगळ्या जमिनी एकत्र धरा. म्हणजे मोठं मैदान निघेल, रस्ते निघतील, स्टेशनाबाहेर माणसाला उभं राहायला जागा निघेल, कामगारांना तिथेच घरं मिळतील. अहवाल गेला आणि फडताळात राहिला. २००१ साली नियमच बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता, ज्या जागेवर बांधकाम नव्हतं तेवढ्याचीच व्हायची ठरली. साहजिकच शहराचा आणि कामगाराचा वाटा फार आक्रसला. प्रकरण कोर्टात गेलं. हायकोर्टाने २००५ मध्ये आपल्या बाजूचा निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. पुढे २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं मेली. टॉवरांत कामाला येणारी माणसं हजारोंनी वाढली, पूल मात्र जुनाच आणि अरुंदच होता. आणि घरं? पावणेदोन लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. २०१२ पासून २०२० पर्यंतच्या सोडतींत निघाली ती जेमतेम पंधरा-सोळा हजार घरं.

शेवटी समाजाच्या वास्तूंकडे येतो, कारण आज आपण अशाच वास्तूत बसलो आहोत. साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय १९६३ साली उघडलं. सहा मीटर बाय सहा मीटरचे साधे चौरस, विटांचे खांब, कौलारू छप्पर, मधे पाण्याचा चौक. काही चौरस बंद, काही उघडे. पुढे गरज पडली तर आणखी चौरस जोडता येतील अशी सोय. दादरचं पोर्तुगीज चर्च आपण बसमधून शेकडो वेळा पाहिलंय. तेही सत्तरच्या दशकात त्यांनी नव्याने बांधलं, एकच मोठा हॉल न करता खोल्या आणि उघडे चौक एकाआड एक ठेवून. भोपाळच्या विधान भवनात विधानसभेच्या सभागृहावरचा घुमट पाहिला की सांचीचा स्तूप आठवतो.

आणि हे आपल्याला परकं नाही. कान्हेरीच्या लेण्यांत जाऊन पाहा. भिक्खूंच्या खोल्या लहान, पण पुढे व्हरांडा, बसायला दगडी ओटा, शेजारी पाण्याचं टाकं आणि सगळ्यांनी मिळून वापरायचा चैत्य. लहान खाजगी जागा आणि मोठी सामाईक जागा. दोन हजार वर्षांपूर्वी हे आपल्या माणसांना कळलं होतं.

तर बंधू-भगिनींनो, नकाशा आला की स्क्वेअर फूट जरूर विचारा. पण त्याबरोबर आणखी पाच गोष्टी विचारा. एक, दोन इमारतींत अंतर किती, खालच्या मजल्यावर ऊन कधी आणि किती येणार? दोन, दाराबाहेर जागा किती, तिथे दोन म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसू शकतील का? तीन, पोरांना खेळायला जमिनीवर जागा आहे, की गाड्यांच्या छतावर? चार, विहार तळमजल्यावर आणि समोर अंगण ठेवून आहे, की लिफ्टने वर जावं लागेल? ज्या आजीला जिना चढवत नाही तिने वंदनेला यायचं कसं? पाच, दरमहा देखभालीचा खर्च किती आणि तो पेन्शनवाल्याला झेपेल का? उत्तरं तोंडी घेऊ नका, नकाशावर लिहून घ्या. आपल्या पोरापोरींत कुणी इंजिनिअर, ड्राफ्ट्समन असतील त्यांना पुढे बसवा. आणि प्रत्येक घरातून एक बाई समितीत असलीच पाहिजे, कारण घराचा नकाशा तिच्याइतका कुणालाच कळत नाही.

एकेकट्याने सही केली तर हातात खोली येईल. सगळ्यांनी मिळून केली तर वस्ती येईल. गिरण्यांच्या जमिनीच्या वेळी आपण उशिरा जमलो, आता वेळेवर जमूया. पुढच्या रविवारी सकाळी वंदनेनंतर याच ठिकाणी नकाशावाचनाची बैठक ठेवली आहे. घराचं मोजमाप घेऊन या.

जय भीम! नमो बुद्धाय!