अर्ज कुणाच्या नावाने?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

या शिबिरात आपण काल दिवसभर कौटुंबिक हिंसेवर बोललो. आज सकाळी सातबाऱ्यावर बाईचे नाव लावण्याबद्दल बोललो. त्यानंतर मी एम. ए.च्या प्रवेश अर्जाबद्दल बोलायला उभी राहिले, तर काही जणींना विषय किरकोळ वाटेल. माझे म्हणणे असे आहे की सातबारा आणि प्रवेश अर्ज हे एकाच कुळीतले कागद आहेत. दोन्हींवर बाईचे नाव लागायचे असेल, तर कचेरीच्या आधी घरात झगडावे लागते.

थोडे मागे जाऊ. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८८ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्या. गुणांच्या बळावर इंग्लंडला जाण्यासाठी जी सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती, ती त्या स्त्री आहेत म्हणून नाकारली गेली. मग निधी जमवून त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हते, ती १९२० पासून मिळू लागली.

दुसरे उदाहरण आपल्या आजीच्या पिढीचे. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.ला पहिल्या आल्या. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे त्यांनी अर्ज केला. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला, कारण अर्जदार मुलगी होती. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, कारण विचारले आणि सत्याग्रहाची भाषा केली. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष परीक्षेपुरते धरले जाईल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा, काम करावे लागेल आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये! त्यांनी अटी पाळल्या, १९३६ मध्ये एम. एस्सी. केले, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच. डी. मिळवली. त्यांच्या कामामुळे त्या संस्थेत पुढच्या मुलींची वाट मोकळी झाली. तो अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत आणि म्हातारपणी त्यांनी तसे जाहीरपणे सांगितलेही.

आज कोणतेही विद्यापीठ 'मुलगी आहे म्हणून प्रवेश नाही' असे म्हणत नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांत २.०७ कोटी मुली होत्या, आणि पदव्युत्तर वर्गांत तर मुली निम्म्याहून जास्त आहेत. मग प्रश्न सुटला का? ही पाहणी वर्गात पोचलेल्यांची आहे. जिचा अर्ज भरलाच गेला नाही, तिची नोंद कुठेच होत नाही. नकार संपलेला नाही. तो संचालकांच्या खोलीतून उठून आपल्या ओसरीवर येऊन बसला आहे.

कमलाबाईंना घातलेल्या तीन अटी पुन्हा आठवा आणि आपल्या घरातली वाक्ये आठवा. 'एक वर्ष बघू, मग ठरवू.' 'घरातले सगळे आवरून जायचे.' 'कॉलेजातून काही कानावर येता कामा नये.' अटी त्याच आहेत, फक्त घालणारे बदलले. शिवाय बी. ए. संपते ते एकविसाव्या वर्षी, म्हणजे नेमके स्थळे पाहण्याच्या वयात. 'जास्त शिकली तर तेवढाच शिकलेला मुलगा शोधावा लागेल, हुंडाही तेवढाच वाढेल' हा हिशेब आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. एकविसाव्या वर्षी ती कायद्याने सज्ञान असते. एम. ए.ला जायला तिला कुणाच्याही परवानगीची कायदेशीर गरज नाही. पण ही गोष्ट तिला कोण सांगणार?

आता प्रत्यक्ष अर्जाकडे येऊ, कारण अडवणूक बारीक अक्षरात असते.

पहिली गोष्ट, मोबाइल नंबर. आजचे अर्ज ऑनलाइन असतात. ओटीपी येतो तो अर्जात दिलेल्या नंबरावर. घरात फोन भावाचा किंवा नवऱ्याचा असेल, तर अर्जाची किल्लीही त्याच्याच हातात. मुलाखतीची तारीख, यादीत लागलेले नाव, फी भरायची मुदत, सगळे आधी त्याला कळते. त्याने सांगितले तर तिला कळते. म्हणून स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल ही पहिली पायरी.

दुसरी, तारीख. आपल्याकडे प्रवेश म्हणजे जून हे डोक्यात पक्के बसले आहे. पण २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक परीक्षा सुरू झाली. तिचे अर्ज हिवाळ्यातच भरून घेतले जातात. जूनमध्ये विचारायला आलेली मुलगी वर्षाने उशिरा आलेली असते. त्या वर्षात तिचे लग्न ठरते.

तिसरी, नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. अर्ज संगणकावर अडतो. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, हे प्रत्येक लग्न ठरलेल्या मुलीला सांगा. ज्यांनी बदलले आहे त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद हाताशी ठेवावी. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नावही लागेल. त्याचे स्वागतच आहे. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव ही जुनीच पद्धत चालू ठेवली. आई म्हणून नाव मिळाले, बायको म्हणून गेले, असा हा व्यवहार झाला.

चौथी, जातीचा दाखला. जात जन्माने धरली जाते, म्हणून विवाहित बाईचा दाखला आणि जातवैधता माहेरच्या कागदांवरून होते. नॉन-क्रीमीलेअरसाठीही आई-वडिलांची स्थिती पाहतात, नवऱ्याची कमाई पाहत नाहीत. अनेक सेतू केंद्रांवर उलटे सांगून बाईला परत पाठवतात. नियम माहीत असलेली एक कार्यकर्ती सोबत असली की तोच दाखला मिळतो. मात्र माहेरशी संबंध तुटलेल्या बाईने, स्वतःच्या पसंतीने लग्न केलेल्या मुलीने वडिलांच्या घरातले कागद आणायचे कसे? जातीबाहेर लग्न केल्याची शिक्षा तिला प्रवेशाच्या खिडकीवर पुन्हा भोगावी लागते.

पाचवी, खंड. शिक्षणात मधली वर्षे गेली असतील तर गॅप सर्टिफिकेट मागतात. ती वर्षे कशात गेली, तर बाळंतपणात, सासूच्या आजारपणात, शेतावर. बाई लिहिते, 'घरीच होते, काही करत नव्हते.' मैत्रिणींनो, हे वाक्य तिला लिहू देऊ नका. समाजकार्य, ग्रामीण विकास, स्त्री अभ्यास अशा अनेक अभ्यासक्रमांत 'आपण इथे का येऊ इच्छिता' असे एक-दोन पाने लिहून मागतात. जिने पाच वर्षे बचत गटाचा हिशेब ठेवला, ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न मांडला, दवाखान्यात बाळंतिणींसोबत रात्री काढल्या, तिच्याकडे लिहायला पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीपेक्षा जास्त असते. कोणते काम केले, किती वर्षे केले, त्यातून कोणता प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर अभ्यासातून कसे शोधायचे आहे, या क्रमाने लिहायला बसवा. लिहून देऊ नका, तिलाच लिहू द्या.

सहावी गोष्ट आपल्या समुपदेशन केंद्रांसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. नवऱ्याचे घर सोडून आलेल्या बाईच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र त्याच घरातल्या कपाटात राहतात. पुष्कळदा मुद्दाम ठेवून घेतलेले असतात, तिने उभे राहू नये म्हणून. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या कलम १९ (८) खाली न्यायदंडाधिकारी तिचे स्त्रीधन आणि तिच्या हक्काची इतर मालमत्ता परत करायला लावू शकतात. अर्जात दागिने आणि भांडी यांच्या यादीत गुणपत्रिका, दाखले, आधार यांची नावे घालून तीही मागितली पाहिजेत. याच कायद्याच्या २००६ च्या नियमांतले नमुने वाचा. शाळा, कॉलेज किंवा इतर शिक्षणसंस्थेत जाण्यापासून रोखणे हा त्यांत शाब्दिक आणि भावनिक छळाच्या प्रकारांत स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे 'त्याने मारले का' या प्रश्नाबरोबरच 'त्याने शिकायला अडवले का' हाही प्रश्न आपण विचारायचा आहे. आणि कागद मिळालेच नाहीत, तर विद्यापीठाकडून गुणपत्रिकेची दुसरी प्रत काढता येते.

पैशांचे काय? जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, इतर मागास वर्ग आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण शब्द नीट वाचा. हे व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहे. शिवाय फी माफ झाली तरी खोलीभाडे, मेस आणि एस. टी.चे भाडे माफ होत नाही. मुलीच्या वसतिगृहाची मागणी म्हणूनच फी माफीइतकीच मोठी आहे.

घर सोडणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी दाराशी येणारी विद्यापीठे आहेत. १९८५ चे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ चे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेले आजचे एस. एन. डी. टी. विद्यापीठही आहे. पण एक इशारा देते. 'घरी बसून शिक' हा सल्ला घरातली कामे तशीच ठेवून दिला, तर ती तिच्यावर तिसरी पाळी ठरते. पुस्तक घरपोच येते, वेळ घरपोच येत नाही.

कुणी म्हणेल, हा पांढरपेशा बायकांचा प्रश्न आहे, रोजगार हमीवरच्या बाईला एम. ए.चे काय? मी विचारते, रोजगार हमीवरच्या बाईबद्दल अहवाल कोण लिहिते? तिच्या आजाराचे, मजुरीचे, हिंसेचे संशोधन कोण करते? जोवर तिची मुलगी त्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसत नाही, तोवर तिच्याबद्दलचे ज्ञान दुसऱ्यांच्याच नावावर जमा होणार. १९७४ मध्ये एस. एन. डी. टी.त आणि १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात स्त्री अभ्यासाची केंद्रे सुरू झाली. त्या वर्गांत गावातून, वस्तीतून, तांड्यावरून आलेली मुलगी बसली तरच त्या अभ्यासाला अर्थ आहे.

म्हणून या शिबिरात तीन कामे ठरवू या. एक, दर डिसेंबरमध्ये प्रत्येक तालुक्यात एक दिवसाचे अर्ज शिबिर घ्यायचे आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलींसोबत बी. ए. करून घरी बसलेल्या बायकांनाही बोलवायचे. दोन, केंद्रातल्या केस-नोंदवहीत 'शिक्षण कुठे थांबले, कागद कुणाकडे आहेत' हा रकाना वाढवायचा. तीन, विद्यापीठांकडे लेखी मागणी करायची की अर्जात वडील किंवा पती यांचे नाव सक्तीचे नको, दोन नावांपायी अर्ज बाद नको आणि घर सोडून आलेल्या बाईला मूळ कागदांसाठी मुदत द्या.

सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठी लागतो, प्रवेश अर्जावर नाव लिहायला पेन पुरते. ते तिच्या हातात जायला आपण शेजारी बसलो पाहिजे. चर्चेत तुमच्या तालुक्यातल्या अडचणी सांगा, म्हणजे मागणीपत्रात त्या घालता येतील. एवढे बोलून थांबते.