पत्त्यांची खतावणी

बीडच्या मोंढ्यांत अडत्याची पेढी दिवसाची रोजकीर्द लिहिल्याखेरीज मिटत नाहीं. समजा, त्याच पेढीवरील एक तरुण रात्रीं मोबाइलवर पोकर खेळतो. कालची जीत त्यास तोंडपाठ असते. गेलेल्या पैशाची नोंद मात्र कोठेंच नसते. अशा खेळाडूची सुधारणा वहीपासूनच सुरू होते. तारीख, खेळाचे तास, भरलेली व परत मिळालेली रक्कम आणि खेळ चालविणाऱ्या कंपनीनें डावांतून कापलेला वाटा, एवढें तरी तींत असावें. या वाट्यामुळें चौघे खेळून उठले कीं चौघांच्या वह्यांची एकत्र बेरीज उणीच येते. हरलेला डाव बरोबर खेळला होता कीं काय, हेंही त्यानें शेजारीं लिहावें. जिंकलेल्या डावाविषयीं तर अवश्य लिहावें.

परंतु शंभर डावांवरून कौशल्य ठरत नाहीं. आरंभींच्या दोन पानांत दोन्ही एक्केच येण्याचा योग २२१ डावांत सरासरी एकदां. ५२ पानांतून पांच पानें निवडण्याचे प्रकार तर २५,९८,९६०! असे प्रकार मोजण्याची रीत भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त दिली आहे. हजारों डाव लिहिल्याखेरीज नशीब आणि शहाणपण निराळें निघत नाहीं, व तोंवर भांडवल टिकावें लागतें.

ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यांत कौशल्य व नशीब असा भेद राखलेला नाहीं. ज्याची वही त्याआधींची आहे, त्यानें शेवटची बेरीज मांडून ती घरांत दाखवावी. गहाण पडलेली पाटली खर्चाच्या बाजूस लिहावयास विसरूं नये.