हिशेबाची दुसरी वही
(सुवर्णमहोत्सवानिमित्त वडनेर भोलजी येथे झालेले भाषण)



मार्चअखेर गावोगावच्या दुकानांत साठ्याची मोजदाद होते. ताग्यामागून तागा उलगडला जातो, कटपीस वेगळे निघतात, उधारी तपासली जाते. त्या दिवशी विक्री मंदावते. तरीही तो दिवस वाया गेला असे कोणताही व्यापारी म्हणत नाही. ज्याला मालाची मोजदाद आवश्यक वाटते, त्याने दुकानात राबणाऱ्या माणसाच्या मनाची मोजदाद अनावश्यक का मानावी?

या प्रश्नाचे उत्तर ब्रह्मदेशातील एका हिशेबतज्ज्ञाने आपल्या कचेरीतच दिले होते. सयाजी ऊ बा खिन हे 1948 साली स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. सरकारी हिशेबाचा डोंगर सांभाळत असतानाच त्यांनी 1950 साली आपल्या कार्यालयात विपश्यना मंडळ सुरू केले आणि सहकाऱ्यांना ध्यानाची वाट दाखविली. काम आणि अंतर्मुखता या दोन गोष्टी एकाच छताखाली नांदू शकतात, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले.

त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका हे मंडाले येथे जन्मलेले मारवाडी व्यापारी होते. तीव्र डोकेदुखीने त्रस्त होऊन 1955 साली ते गुरूंकडे गेले. 1969 साली ते भारतात आले, आणि 1976 पासून नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या धम्मगिरीवर नियमित शिबिरे होऊ लागली. तेथे दहा दिवसांच्या शिबिरात शेवटच्या पूर्ण दिवसाच्या सकाळपर्यंत आर्यमौन पाळावे लागते. पहाटे चारला उठणे, दिवसातून सुमारे दहा तास ध्यान, भ्रमणध्वनी व्यवस्थापनाच्या स्वाधीन, असा तो कठोर दिनक्रम. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केलेल्या साधकांच्या दानावर सारा व्यवहार चालतो.

या उपक्रमाचे महत्त्व ओळखून महाराष्ट्र शासनाने 2003 साली आपल्या अधिकाऱ्यांना अशा शिबिरासाठी 14 दिवसांच्या परिवर्तित रजेची सोय केली. शिबिराचे दहा दिवस आणि जाण्यायेण्याचा अवधी यांचा त्यात विचार झाला. शांत राहा, असा उपदेश करणे फार सोपे असते. शांत राहण्यासाठी वेळ काढून देणे कठीण असते. शासनाने रजा दिली, म्हणूनच त्या उपदेशाला अर्थ आला.

तथापि एकांतवासाच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2022 साली दिलेल्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी सुमारे 1,200 कोटी कामाचे दिवस बुडतात. त्यावर उपाय सुचविताना या संस्थांनी केवळ कामगाराच्या मनाकडे बोट दाखविले नाही. कामाचा भार आणि वरिष्ठांची वागणूक सुधारण्यासही सांगितले. दहा दिवसांचे शिबिर करून परतलेल्या नोकराला अकराव्या दिवशी तोच अपमान आणि तेच अखंड बारा तास उभे राहणे वाट्याला आले, तर त्या शिबिराचे फळ किती दिवस टिकेल?

ही गोष्ट कापडाच्या धंद्याने तर विसरूच नये. मुंबईच्या कापड गिरण्यांतील मजुरांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून त्यासाठी झगडा दिला आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जे कापड पुढे दुकानाच्या फळीवर येते, ते विणणाऱ्या हातांना एक दिवस मिळावा म्हणून सहा वर्षे खर्ची पडली. विश्रांती हीच आत्मचिंतनाची पहिली पायरी होय. थकलेला माणूस डोळे मिटतो तेव्हा ध्यान लागत नाही, झोप लागते.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षभर दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. परंतु प्रत्येक कामगाराला साप्ताहिक सुट्टी बंधनकारक केली. वडनेर भोलजी, नांदुरा, मलकापूर यांसारख्या ठिकाणची लहान दुकाने कामगारसंख्येमुळे त्या कायद्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर राहतात. तेथे मालकाची सदसद्विवेकबुद्धी हाच कायदा. लगनसराईत शंभर साड्या उलगडून एकही न विकता पुन्हा घड्या घालणाऱ्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे विचारायला कोणताही निरीक्षक येत नाही.

जैन परंपरेने यासाठी साधने फार पूर्वीच दिली आहेत. सामायिक अवघ्या 48 मिनिटांचे असते. प्रतिक्रमण म्हणजे दिवसभराच्या आचरणाकडे मागे वळून पाहणे. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' दूरदूरच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचते. मात्र वर्षभर ज्याच्यावर आवाज चढविला, तो गल्ल्यापासून चार हातांवर उभा असतो. ती क्षमायाचना त्याच्यापर्यंत पोहोचते का, याचा विचार प्रत्येक मालकाने आपापल्या मनाशी करावा.

लहान दुकानदाराला नोकर दहा दिवस सोडणे परवडत नसेल, तर निदान पावसाळ्यातील मंदीत एकेकाला आळीपाळीने पगारी दिवस देता येतील. साप्ताहिक सुट्टी सणाच्या गर्दीतही बुडू नये. दुपारी अर्धा तास कोणी हाक मारणार नाही, एवढा दंडक पाळावा. त्या वेळेत कोणी नामस्मरण करील, कोणी नमाज पढेल, कोणी नुसता निवांत बसेल. सक्ती कोणावरही नसावी. सक्तीचे मौन ही शिक्षा ठरते. प्रथम मालकाने स्वतः बसावे. गंभीर मानसिक त्रास असलेल्याला मात्र शिबिराला न धाडता वैद्यकीय साहाय्य मिळवून द्यावे. 2022 साली सुरू झालेल्या शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक दुकानात ठळकपणे लावून ठेवावा.

जमाखर्चाची वही प्राप्तिकरासाठी लिहावीच लागते. कोणाला किती थकविले, कोणाला किती दुखविले, याची दुसरी वही मागणारा अधिकारी नाही. ती ज्याची त्याने, रोज रात्री दुकानाचे शटर ओढल्यावर, उघडायची असते.

जय जिनेंद्र.