धान्यवाघिणीचे दार



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत पदार्थविज्ञान शिकविले. आधी वस्तू नीट पाहावी आणि मग तिच्याविषयी बोलावे, हा त्यांचा आग्रह होता, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. म्हणून आज मी एका अगदी साध्या वस्तूकडे आपले लक्ष वेधणार आहे. रेल्वेच्या ज्या वाघिणींतून धान्य जाते, त्यांचे दार हा माझा विषय आहे.

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मय सोडून मालगाडीच्या दारावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मला या विषयाकडे भाषेनेच नेले. इंग्रजी 'वॅगन' हा शब्द मराठी कानांवर पडला आणि आपल्या लोकांनी त्याची 'वाघीण' केली. परक्या शब्दाला ओळखीचे रूप देऊन घरात घेण्याची ही रीत मोठी मौजेची आहे. पण शब्द घरात आला, तरी वस्तू मात्र आपण नीट पाहिली नाही. वाघिणीच्या पोटात काय असते, ते आत कसे जाते, बाहेर कसे येते आणि वाटेत किती सांडते, याचा विचार आपल्या लेखनात फारसा झालेला नाही.

प्रथम धान्याचा स्वभाव पाहू. गहू हा दगडासारखा घन नाही आणि पाण्यासारखा द्रवही नाही. त्याचा ढीग केला तर तो ढीग म्हणून उभा राहतो, मात्र त्याच्या उताराला मर्यादा असते. सुमारे २५ ते ३० अंशांहून अधिक तीव्र उतार गव्हाला पेलवत नाही, दाणे घसरू लागतात. भिंतीआड कोंडला तर तो भिंतीला बाहेर ढकलतो. मात्र हे ढकलणे पाण्यासारखे नसते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतच जातो. धान्याचा दाब मात्र काही खोलीनंतर वाढेनासा होतो, कारण बराचसा भार घर्षणामुळे भिंतींवर जातो. यान्सन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये हे गणिताने मांडले आणि धान्याच्या कोठारांची रचना करणारे आजही त्या सूत्रापासून आरंभ करतात.

अशा पदार्थाला दार करावयाचे म्हणजे परस्परविरोधी मागण्या एकाच वेळी पुऱ्या करावयाच्या. भरताना दार रुंद हवे, प्रवासात त्यातून एक दाणाही गळता कामा नये. आतला भार त्याने सोसला पाहिजे आणि तो भार अंगावर असतानाच ते उघडलेही पाहिजे. आत उघडणारे दार धान्यामुळे उघडत नाही. बाहेर उघडणारे दार कडी काढताच भाराने अंगावर येते. सरकणारे दार धान्याच्या रेट्याने खाचेत अडकते. शिवाय पाऊस आत येऊ नये, चोराचा हात पोहोचू नये आणि दुरुस्ती कोणत्याही आडगावच्या स्थानकावर करता यावी.

आपल्या आज्या-पणज्यांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. मातीची कोठी आठवा. तिचे तोंड वर, धान्य ओतण्यासाठी. खाली बुडाशी एक लहान भोक, चिंध्यांचा बोळा घालून बंद केलेले. बोळा काढला की हवे तेवढे धान्य सुपात घ्यावे आणि बोळा पुन्हा बसवावा. भरण्याची वाट वेगळी, काढण्याची वेगळी, आणि काढण्याचे काम धान्याच्या स्वतःच्या वजनाने व्हावे, हे तत्त्व त्या बोळ्यात होते. आगगाडीला हे तत्त्व गवसायला पुष्कळ काळ जावा लागला. ती कथा मुख्यतः अमेरिका आणि कॅनडा या देशांतली आहे, म्हणून थोडे तिकडे जाऊ.

तिथल्या गवताळ मैदानांवर गव्हाची शेती पसरली आणि तो गहू पोत्यांत न भरता सुटाच वाहून नेण्याची पद्धत पडली. पण गाड्या होत्या साध्या, बंद डब्यांच्या. त्यांतून आज लाकूड, उद्या यंत्रे, परवा गहू जाई. सुमारे ६ फूट रुंदीचे सरकते दार बाजूच्या भिंतीत असे आणि सुट्या गव्हाला थोपविणे हे त्या दाराचे काम नव्हतेच. म्हणून खऱ्या दाराच्या आत दुसरे, तात्पुरते दार उभे करीत. आडव्या फळ्या चौकटीच्या आतल्या बाजूने खिळ्यांनी ठोकीत आणि वर थोडी जागा मोकळी सोडीत. त्या फटीतून नळीने गहू आत पडे. या युक्तीतले मर्म असे की, फळ्या आतून लावलेल्या असल्यामुळे गव्हाचा रेटाच त्यांना चौकटीवर घट्ट दाबून धरी. ज्या शक्तीने दार फुटायचे, तिच्याकडूनच ते मिटवून घेतले होते.

परंतु युक्ती चांगली असली तरी तिचा खर्च मोठा होता. प्रत्येक फेरीला नव्याने ठोकाठोक करावी लागे. जुनाट डब्यांच्या भेगा कागदाने, चिंध्यांनी बुजवाव्या लागत. मुक्कामाला पोहोचल्यावर भाराखाली दबलेल्या फळ्या पहारीने उचकटताना त्या मोडत, खिळे आणि ढलप्या गव्हात जात. दाराजवळचा गहू आपोआप बाहेर येई, पण डब्याच्या दोन्ही टोकांचा गहू तसाच राही. तो दोरीने ओढल्या जाणाऱ्या रुंद फावड्यांनी माणसे धुळीत उभी राहून दाराकडे आणीत. या दारात सुधारणा करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कित्येकांनी एकस्वे घेतली. कोणी घडीचे दार केले, कोणी छताशी उचलून ठेवण्याचे. १९५० नंतरच्या दशकात पोलादी पट्ट्यांनी बळकट केलेल्या जाड कागदाचे दार आले. ते हलके होते, लवकर बसे आणि कापून टाकता येई. मोठ्या बंदरांवर तर अख्खा डबाच उचलून तिरपा करणारी यंत्रे बसविली गेली.

हे सारे प्रयत्न प्रामाणिक होते, पण सर्वांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. दार बाजूलाच असणार, हे ते गृहीत. ते बाजूला ठेवले तेव्हा प्रश्नाचे रूपच पालटले. वर झाकणे, खाली उतरत्या भिंतींचे नरसाळे आणि तळाशी सरकणारी पोलादी पाटी, अशा वाघिणी धान्यासाठी वापरात येऊ लागल्या. अमेरिकेतील सदर्न रेल्वेने १९६१ मध्ये सुमारे १०० टन धान्य नेणाऱ्या, ॲल्युमिनियमच्या अशा मोठ्या वाघिणी आणल्या. त्यांना 'बिग जॉन' असे नाव पडले. कंपनीने धान्याचा वाहतूकदर सुमारे ६० टक्क्यांनी उतरविण्याचे ठरविले. तेव्हा नदीमार्गाने माल नेणारे हादरले आणि प्रकरण नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयांना आपल्या आज्ञेने ही दरकपात रोखून धरता येणार नाही, असा निर्णय १९६३ मध्ये झाला. दाराची जागा बदलल्याने एका देशाच्या बाजारात एवढी उलथापालथ झाली. कॅनडात १९७२ पासून केंद्र सरकारनेच अशा वाघिणी विकत घेतल्या. तरी ज्या शाखामार्गांचे रूळ जड वाघिणी पेलू शकत नव्हते, तिथे जुने डबे आणि ठोकलेल्या फळ्या त्यानंतरही बराच काळ चालू राहिल्या. दार कितीही चांगले असले तरी त्याच्याखालचा रूळ त्याला साजेसा असावा लागतो.

तळाच्या पाटीची रचनाही वाटते तितकी सोपी नाही. वरचा सारा भार तिच्यावर टेकलेला असतो, म्हणून ती हाताने ओढून सरकत नाही. दात्यांची पट्टी व दातेरी चाक बसवून, लांब दांड्याने फिरवून ती हळूहळू सरकवावी लागते. नरसाळ्याचा उतार गव्हाच्या स्वाभाविक उतारापेक्षा बराच तीव्र ठेवावा लागतो, नाहीतर धान्य मध्येच थबकते. आत कोठेही सपाट कंगोरा राहू देऊ नये. तिथे मूठभर दाणे उरतात, त्यांत किडा होतो आणि तो पुढच्या फेरीच्या धान्यात शिरतो. एका मुठीचा हिशेबही रचनाकाराला करावा लागतो.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे धान्याचे खरे दार म्हणजे पोते. धान्य पोत्यात कोंडलेले असल्यामुळे वाघिणीच्या दाराला रेटा सोसावा लागत नाही. पोती आत ठेवणे आणि पाऊस व चोर बाहेर ठेवणे एवढेच त्याचे काम. या पद्धतीला इतिहास आहे आणि आपले इंदूर त्या इतिहासात आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी १ कोटी रुपयांचे कर्ज दिले. तो मार्ग मीटर मापाचा झाला, खंडव्याला मिळणारा मुंबईकडचा मार्ग मात्र रुंद मापाचा होता. माळव्याचा माल मुंबईकडे जायचा तर खंडव्याला एका वाघिणीतून काढून दुसरीत भरणे भाग होते. सुटा गहू असा कसा भरणार? पोते हमालाच्या पाठीवर बसते आणि कोणत्याही मापाच्या गाडीत जाते. १९६६ मध्ये देशात १ कोटी टनांहून अधिक धान्य आयात झाले. ते जहाजांच्या पोटांतून सुटेच आले, पण बंदरावर उतरताच त्याला पोत्यांत शिरावे लागले, कारण पुढची सारी व्यवस्था पोत्याची होती. १९८७ च्या ताग-वेष्टन कायद्याने तर धान्याचे पोते तागाच्या शेतकऱ्याशी आणि गिरणीकामगाराशी जोडले. तेव्हा पोते म्हणजे मागासलेपणा, असे म्हणून चालणार नाही.

तरीही पोत्याला हमालाचा आकडा लागतो, शिवण उसवते, दाणे वाघिणीच्या तळावर येतात आणि दाराच्या फटीतून रुळांवर सांडतात. त्याच फटीतून पावसाळ्यात पाणी आत येते व खालच्या थरातली पोती भिजतात. हे नुकसान किती, याचा एक साधा हिशेब करू. समजा, १ टनामागे अर्धा टक्का धान्य सांडले वा भिजून वाया गेले. अर्धा टक्का म्हणजे ५ किलो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र माणसाला महिन्याला जे धान्य देऊ केले, ते ५ किलोच. म्हणजे टनामागे एका माणसाचा महिन्याचा शिधा गेला. ६० टनांच्या ४२ वाघिणींची एक गाडी धरली तर अडीच हजार माणसे झाली. अर्धा टक्का हा आकडा मी केवळ हिशेबासाठी धरला आहे, परंतु फटीची किंमत त्यावरून ध्यानात यावी.

मग आपल्यासाठी सुधारलेले दार कसे असावे? पोत्यांच्या वाघिणीपुरते बोलायचे तर दाराच्या कडा एकमेकींवर कौलांसारख्या चढलेल्या असाव्यात, म्हणजे पाणी ओघळून बाहेर जाईल. उंबरठा तळापेक्षा किंचित उंच असावा, म्हणजे सांडलेला दाणा आतच राहील आणि झाडून घेता येईल. पत्रा असा घडविलेला असावा की, पोत्यांच्या धक्क्याने वाकणार नाही, कारण फट जन्माला येते ती वाकलेल्या पत्र्यातून. कडी एका माणसाला, हातोडा न घेता, उघडता यावी. हातोड्याने उघडलेले दार पुन्हा नीट मिटत नाही. ही यादी गृहिणीलाही सुचेल अशी आहे आणि तिचे सामर्थ्य त्यातच आहे.

दुसरा मार्ग सुट्या धान्याचा. २००७ मध्ये पंजाबातील मोगा आणि हरियाणातील कैथल येथे उंच पोलादी कोठारे उभी राहिली आणि तिथून वर भरावयाच्या व तळातून रिकाम्या होणाऱ्या खास वाघिणींनी गहू नवी मुंबईसारख्या दूरच्या कोठारांकडे जाऊ लागला. आजीच्या कोठीचे तत्त्व असे रुळांवर आले. या मार्गाने सांडणे व भिजणे कमी होते, वेळ वाचतो. पण अशी वाघीण परतताना बहुधा रिकामीच येते, पोत्यांची वाघीण मात्र सिमेंट, खत, साखर, काहीही भरून आणू शकते. शिवाय दोन्ही टोकांना कोठारे नसतील तर तळाचे दार निरुपयोगी. एकट्या दाराची सुधारणा होत नसते, ती साऱ्या वाटेची सुधारणा असते.

आणि त्या वाटेवर माणसे उभी आहेत. ६० टनांच्या वाघिणीत ५० किलोची १२०० पोती असतात. ती कोणाच्या तरी पाठीवरून चढतात व कोणाच्या तरी पाठीवरून उतरतात. रुळांत सांडलेले दाणे खराट्याने गोळा करून, निवडून, चूल पेटविणाऱ्या बायाही आपण पाहिल्या आहेत. उत्तम दार झाले तर हमालाची पाठ वाचेल, पण त्याची मजुरी जाईल. खराट्याखाली दाणे उरणार नाहीत. म्हणून दार सुधारू नये, असे मी म्हणणार नाही. सांडलेल्या अन्नावर कोणाला जगावे लागणे हीच मुळात लाजेची गोष्ट आहे. मात्र वाचलेल्या धान्यातला वाटा त्या घरापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी, वाचविणाऱ्याच्या हिशेबात पहिल्या ओळीला असली पाहिजे. ती नसेल तर ते दार धान्याला मिटले आणि माणसालाही मिटले, असे होईल.

या सभागृहात अभियंते आहेत, व्यापारी आहेत, रेल्वेत नोकरी केलेले माजी विद्यार्थी आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच की, आपल्या कामातली अशी दारे, कड्या, फटी यांविषयी मराठीत लिहावे. आपली भाषा महाराष्ट्राबाहेर इतकी वर्षे सणासुदींवर आणि नाटकांवर टिकली, हे खरेच. पण ज्या भाषेत कामाचा विचार होत नाही, ती हळूहळू केवळ समारंभाची भाषा होऊन राहते. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण आज केवळ निंदेसाठी वापरतो. धान्याचे खरे पेव पाहिलेल्या माणसांनी तो घडविला, हे विसरून गेलो आहोत. वस्तू पाहणारी माणसे भाषेला शब्द देतात. वाघीण त्यांनी दिली, तिच्या दाराच्या प्रत्येक भागाला नाव देणे अजून बाकी आहे.