आबांनी आजीचं नाव घेतलं तेव्हा

भाकरी थापता थापता ऐकत असाल, तर थापा. मीही घरचं आवरूनच आलेय. आज मला माझ्या आजी-आबांबद्दल बोलायचंय.

आमचं गाव चांदवड तालुक्यातलं. पाऊस बेताचा, कांद्यावर भिस्त. लग्न झालं तेव्हा आजी चौदा वर्षांची होती आणि आबा वीसेक वर्षांचे. एकसष्ट वर्षं संसार झाला. एवढ्या वर्षांत आजीनं त्यांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी ते ‘हे’, नाहीतर ‘आमच्या घरचे’. आबासुद्धा तिला नावानं हाक मारत नसत. ‘अगं ए’ म्हटलं की आजी ओसरीवर यायची. गोठ्यात म्हैस हंबरली तरी आबा म्हणायचे, “अगं ए, तुला बोलावतीय बघ.”

प्रेम आहे असं त्यांनी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर दोघंही लाजून मेले असते. पण बहात्तरच्या दुष्काळातली एक गोष्ट आजी नेहमी सांगायची. दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात लाल मिलोची भाकरी, आणि कामावर सुकडी मिळायची. आबा आपली सुकडी धोतराच्या सोग्यात बांधून ठेवायचे आणि घरी येताना म्हणायचे, “मला गोड चालत नाही.” आजी पोरांना देऊन उरलेली खायची. पुढं बऱ्याच वर्षांनी एका लग्नात आबांनी बुंदीचे पाच लाडू खाल्ले, तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. त्या मांडवातच ती रडली म्हणे. बायकांना वाटलं, नवरीसाठी रडतेय.

सगळं गोडच होतं असं मात्र नाही हं. एकदा आबांनी न विचारता बैल विकला. आजी अकरा दिवस बोलली नाही. मी मधली पोस्टमन. “सांग तुझ्या आबांना, ताट वाढलंय.” “सांग आजीला, भूक नाही.” दोघं एकमेकांपासून दोन हातांवर बसलेली! बाराव्या दिवशी आबा एवढंच म्हणाले, “चुकलं माझं. तुझाही घाम होता त्या बैलात.” पुरुषमाणसानं असं म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. तुमच्यातल्या काही आजीबाई तिथं गेल्याही असतील. आमची आजी गेली. दोन दिवस आबांनी गुरं पाहिली, भाकरीही केल्या. त्या भाकरी कशा होत्या ते विचारू नका, कुत्र्यानंही नुसता वास घेतला. आजी परत आली ती एक प्रश्न घेऊन. रात्री कंदील बारीक करत म्हणाली, “कांदे मी लावते, निंदते, काढते. मग शेत कुणाचं?”

आबा काही बोलले नाहीत. पण प्रश्न त्यांच्या डोक्यात राहिला असणार.

पुढं शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. नवऱ्यानं आपल्या हातानं बायकोच्या नावावर जमीन करायची, आणि शंभर जणांनी केली की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. 1992 साली सरकारनंही त्याच नावाची योजना आणली. नवऱ्यानं अर्ज दिला की त्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, त्याला फी पडत नाही.

आबांनी हे बाजारात ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी धुवट टोपी घालून आजीला तलाठ्याकडे घेऊन गेले. मी शाळा बुडवून मागं गेले होते. तलाठी म्हणाले, “बाईंचं नाव सांगा.” आबा गप्प. आजीनं पदर तोंडाला लावलेला. पारावरची दोन माणसं हसायला लागली. “म्हातारा बाईलवेडा झाला,” असंही कुणीतरी म्हणालं. आबांनी घसा खाकरला आणि आजीचं नाव घेतलं. पूर्ण, मोठ्यानं, सगळ्या पाराला ऐकू जाईल असं. आजी घरापर्यंत काही बोलली नाही. त्या रात्री मात्र तिनं शेवळ्या केल्या, सणवार नसताना.

आबा 2016 साली गेले. तेराव्यानंतर महिनाही झाला नव्हता, तर घरातलेच एक जण हक्कसोडपत्राचा कागद घेऊन आले. रस्त्याकडेच्या तुकड्याला गिऱ्हाईक होतं. वारसा म्हणून विधवेला हिस्सा असतोच बायांनो, पण ‘पोरांसाठी सोड’ म्हटलं की आपण अंगठा उठवतो. किती घरांत उठलाय, तुम्हीच आठवा. आजीनं शाईची डबी बाजूला सारली. “हे मला त्यांच्या मागं मिळालेलं नाही,” ती म्हणाली, “ते असताना, चारचौघांत त्यांनी दिलंय.” बरीच आदळआपट झाली. दिवाळीला दोन वर्षं काही माणसं आली नाहीत. आजीला त्याचं वाईट वाटायचं, ते ती लपवायची नाही. पण तुकडा राहिला. त्यात आज उन्हाळी कांदा आहे.

आबा गेल्यावर काही दिवसांनी मी नवा उतारा काढून आणला. आजीला वाचता येत नाही, पण कागदावरून बोट फिरवायला आवडतं. मी तिचं नाव दाखवलं, मग आबांचं.

“त्यांच्या भोवती हे काय गं?”

“कंस आहे आजी. माणूस गेलं की त्याच्या नावाला कंस करतात.”

ती बराच वेळ त्या दोन नावांवर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, “माझ्या नावाला करतील तेव्हा सांग त्यांना, वेगवेगळे दोन नको. एकातच बसवा आम्हाला.”