फी माफ झाली, भाकरीचें काय?

(पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



आम्ही खेड्यांतले मास्तर. अध्यापक विद्यालयापलीकडे आमचें शिक्षण गेलें नाहीं. तेव्हां आम्ही कॉलेजाविषयीं बोलावें हें कांहीं विद्वानांस खटकेल. पण बारावीचा निकाल लागला कीं कर्ज काढूं का, म्हैस विकूं का, हें विचारायला आपण येतां तें आमच्याच ओसरीवर. म्हणून बोलतों.

२०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें आर्थिक व सामाजिक दृष्ट्या मागास घरांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी आणि परीक्षा-फी माफ केली. घरचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत हवें. चांगलें झालें. परंतु मॅनेजमेंट कोट्यांतून प्रवेश घेतला तर ही माफी नाहीं. कोणी दलाल गोड बोलून त्या वाटेनें नेऊं लागला तर हें ध्यानांत असूं द्या. आणि माफी मिळाली तरी खोलीभाडें, खाणावळ, एस.टी. आपल्याच डोक्यावर राहतात.

शाहू महाराजांनीं हें ओळखलें होतें. १९०१ सालीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें व पुढें इतर जातिधर्मांच्या मुलांसाठींही वसतिगृहें झालीं. कारण खेड्यांतला मुलगा फीआधीं जेवणाशीं अडतो. भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगांतलीं पोरें जेवावींत म्हणून लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. आज मागायचें तें हेंच : तालुक्याच्या कॉलेजाशेजारीं वसतिगृह. ही कांहीं भीक नव्हे. सरकारी तिजोरी रयतेच्या घामानें भरते आणि वरिष्ठ शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात, हें गाऱ्हाणें जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालींच हंटर कमिशनपुढें मांडलें होतें.

आतां दुसरी गोष्ट. एवढा पैसा ओतून पोर शिकतें तरी काय? गवंड्याचा मुलगा लहानपणींच ओळंबा हातीं धरतो. तोच इंजिनियरिंगला गेला कीं फळ्यावरची आकृति वहींत उतरवतो, परीक्षेंत ती पुन्हां काढतो, आणि चालू बांधकामावर त्याला कोणी नेत नाहीं. बापाला येतें तें मुलगा विसरतो आणि पुस्तकांतलें अंगीं लागत नाहीं! नुसत्या नोट्स उतरवून घेण्यासाठीं शेत गहाण टाकूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मोबाईलवर सरकारचें 'स्वयम्' आहे, २०१७ पासून. मोठमोठ्या संस्थांतल्या शिक्षकांचे धडे तेथें फुकट ऐकतां येतात. फी पडते ती परीक्षेपुरती. धडा घरीं ऐकावा आणि वर्गांत प्रश्न विचारावे, हातानें काम करावें, अशी शिकवण्याची रीत आतां हवी. साताऱ्याचें छत्रपति शिवाजी कॉलेज १९४७ सालीं कमवा आणि शिका या तत्त्वावरच निघालें. कामानें खाणावळ सुटते आणि हातही शिकतो. मोबाईल हातीं दिला म्हणजे मात्र शिक्षण नवें झालें असें नव्हे. आमच्याकडे तर रेंजच चिंचेखालीं येते.

म्हणून प्रवेशाआधीं कॉलेज स्वतः पाहून या. प्रयोगशाळेला कुलूप आहे का पहा. पोरें यंत्राला हात लावतात का, हें शिपायाला विचारा. तो खरें सांगेल.

उत्पन्नाचा दाखला मात्र आतांच काढा. कागद घेऊन शनिवारीं शाळा सुटल्यावर या. अर्ज आम्ही भरून देऊं.