तहाचे पान उलटू नका

(माध्यमिक शाळांतील इतिहास-शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिवचरित्र शिकवताना अफझलखानवध रंगतो, आग्र्याहून सुटका रंगते. मधला पुरंदरचा तह मात्र चार ओळींत आटोपतो. जून १६६५ मध्ये २३ किल्ले दिले, १२ राखले, की पुढचा धडा! महाराजांच्या माघारीची चर्चा मुलांपुढे कशाला, असा भाबडा भक्तिभाव त्यामागे असतो. वास्तविक नववी-दहावीचा विद्यार्थी इतिहासात गुंततो तो नेमका अशा ठिकाणी, कारण येथे निर्णय घेणे अवघड असते.

वर्गात नकाशा टांगावा. चार लाख होन वार्षिक उत्पन्नाच्या मुलखासह २३ किल्ले गेले, एक लाखाच्या मुलखासह १२ उरले, एवढेच सांगून विचारावे : महाराजांच्या जागी तुम्ही असता तर कोणते राखले असते? पुरंदर, कोंढाणा, लोहगड, कर्नाळा, माहुली गेले. राजगड, तोरणा, रायगड राहिले. नकाशावर खुणा केल्या की राहिलेले हे तीन गड एकमेकांना किती जवळ आहेत, हे सांगावे लागत नाही. वज्रगड पडल्यावर शेजारचा पुरंदर तोफांच्या माऱ्यात आला, मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले. आता लढत राहावे की तह करावा? वर्गाचे दोन पक्ष करावेत आणि शिक्षकाने काही वेळ गप्प बसावे. (हे सर्वांत कठीण!) भूगोल, अर्थकारण आणि राज्यशास्त्र या एकाच तासात येऊन जातात.

मग पुराव्याकडे वळावे. या मोहिमेची बरीचशी माहिती मिर्झाराजे जयसिंहाच्या फार्सी पत्रांतून मिळते. म्हणजे साक्षीदार शत्रुपक्षाचा. तो आपल्या धन्याला काय फुगवून सांगेल, काय लपवील? जयंतीच्या मिरवणुकीत घोषणा देणाऱ्या तरुणाला हा प्रश्न पडत नसेल, तर त्याची श्रद्धा पहिल्याच प्रतिवादाने डळमळते. वि. का. राजवाडे साधनांसाठी गावोगाव दप्तरे धुंडाळत हिंडले, ते काही केवळ जयजयकारासाठी नव्हे.

एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारीलच : जयसिंह हिंदू असून औरंगजेबाकडून का लढला? हा प्रश्न टाळणे हा त्या मुलावर अन्याय आहे. आमेरचे घराणे अकबराच्या काळापासून मोगलांच्या चाकरीत होते. मनसब, वतन आणि दिलेल्या शब्दाची निष्ठा यांत ते बांधले गेले होते. बादशाहीची चाकरी हीच ज्या काळात प्रतिष्ठा मानली जाई, त्या काळात स्वराज्याची कल्पना किती वेगळी होती, हे या एका उत्तराने उमगते. जयसिंहाला शिव्या देऊन ते उमगत नाही.

परीक्षेचे काय, ही पालकांची चिंता रास्त आहे. इतिहास-राज्यशास्त्राची गुणपत्रिकेतील जागा ४० गुणांची, म्हणून घरोघरी तो विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. परंतु २०१८ साली आलेल्या दहावीच्या पाठ्यपुस्तकातच उपयोजित इतिहास आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन हे विषय घेतले आहेत. तेव्हा अभ्यासक्रम आड येतो, ही सबब टिकत नाही.

पुण्या-मुंबईच्या शाळांना लोहगड एका दिवसात होतो. १६६५ च्या तहात तो गेला, १६७० मध्ये परत आला, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंदल्या गेलेल्या १२ किल्ल्यांत त्याचा समावेश झाला. सहलीला जाताना डब्यांबरोबर तहातील किल्ल्यांची यादीही न्यावी, आणि विंचूकाट्यावर उभे राहून मुलांनाच विचारावे, हा गड देताना काय काय हातचे गेले असेल.